काउंटरच्या या बाजूला

वीज गेली की घरातला टेलिफोनसुद्धा जातो, ही गोष्ट मला वयाच्या पासष्टाव्या वर्षी आणि तीही मध्यरात्री कळली.

२०२४ सालचा जून. मृगाचा पहिला पाऊस वादळासकट जुन्या जालन्यावर कोसळला आणि रात्री बाराच्या सुमारास वीज गेली. एक वाजता सौ. अंथरुणात उठून बसली. "अहो, छातीत दडपल्यासारखं होतंय," म्हणाली. कपाळावर घाम होता. मी मोबाइल उचलला. आमचं घर वडिलांच्या वेळचं, भिंती दोन-दोन फुटांच्या. आतल्या खोलीत मोबाइल लागतो तो वाय-फायच्या जोरावर. वीज नाही म्हणजे वाय-फाय नाही आणि वाय-फाय नाही म्हणजे फोन नाही, हे साधं गणित त्या घटकेला सुचलं नाही. पण मी घाबरलो नव्हतो, कारण कोपऱ्यातल्या तिवईवर आमचा घरचा फोन होता. किती वादळं आली, लोडशेडिंगच्या काळात सारं गाव तासन्‌तास अंधारात बुडालं, पण रिसीव्हर उचलला की डायल टोन हजर! १०८ लावण्यासाठी मी तो कानाला लावला. आत काहीच नव्हतं. कोरड्या विहिरीत कान द्यावा, तसं.

शेवटी तसाच पावसात गच्चीवर गेलो. तिथं जेमतेम रेंज मिळाली. रुग्णवाहिकेपेक्षा शेजारी जवळचा, म्हणून शेजारच्या मुलाला उठवलं. त्यानं गाडी काढली. वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. सौ. आज ठणठणीत आहे, तेव्हा वाचकांनी काळजी करू नये. पण त्या रात्रीची ती वीस मिनिटं अजून माझ्या अंगावर येतात.

तिसऱ्या दिवशी कनेक्शनवाल्यांकडून एक मुलगा आला. पंचविशीचा असेल, पाठीला सॅक, कानात यंत्र. मी तक्रार सांगितली. तो हसला. "काका, फोन चालेल कसा? तुमचा लँडलाइन आता व्हीओआयपी आहे. ओएनटीला पॉवर नाही, तर एसआयपी रजिस्टर होणार नाही. समजलं ना?"

मी मान डोलावली. चार मिनिटांत तो जिना उतरून गेला. आणि मला एकदम अंबड तालुक्यातली आमची शाखा आठवली.

साल १९८६. मी नवा नवा अधिकारी झालो होतो. मे महिन्याच्या अखेरीस एक म्हातारा शेतकरी मोसंबीच्या व्यापाऱ्यानं दिलेला चेक घेऊन आला. त्याला पेरणीचं बी घ्यायचं होतं. मी चेक पाहिला, दोन तिरप्या रेघा पाहिल्या आणि मान वर न करता म्हणालो, "क्रॉस चेक आहे, खात्यात भरावा लागेल, क्लिअरिंगला जाईल. समजलं ना?" त्यानं मान डोलावली. संध्याकाळी पाचला आम्ही शाखेला कुलूप लावत होतो, तेव्हा तो समोरच्या लिंबाखालून उठून पुढं आला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, आता मिळतील का पैसे?" तो दिवसभर तिथंच बसून राहिला होता. 'क्लिअरिंग' म्हणजे सगळ्यांचं आटोपल्यावर आपला नंबर, असं त्याला वाटलं होतं.

चौतीस वर्षं मी काउंटरच्या पलीकडे काढली. त्या दिवशी पहिल्यांदा या बाजूला उभा राहिलो, असं म्हणायला हरकत नाही. तेव्हा ठरवलं, की हे शब्द शिकायचे. नातवाची अर्धी कोरी वही घेतली. येणाऱ्या-जाणाऱ्या जाणत्या मुलांना निर्लज्जपणे विचारत सुटलो. त्या वहीतली काही पानं आज वाचकांपुढं ठेवतो. इंजिनिअर मंडळींना ती बाळबोध वाटतील, पण ती त्यांच्यासाठी नाहीतच.

पहिलं पान अर्थातच त्या मुक्या फोनचं. जुन्या टेलिफोनला तांब्याच्या दोन तारा येत आणि त्या तारांतूनच त्याचं अन्नपाणी येई. एक्स्चेंजमध्ये ४८ व्होल्टच्या बॅटऱ्या ओळीनं मांडलेल्या असत. गावात वीज नसली तरी त्या बॅटऱ्या आपल्या फोनला जिवंत ठेवत. आता घरात येते ती काचेची बारीक तार, म्हणजे ऑप्टिकल फायबर. काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. त्या प्रकाशाचे पुन्हा विजेचे संकेत करणारी घरातली डबी म्हणजे ओएनटी. ती आपल्या घरच्या विजेवर चालते. फोनचं यंत्र तेच दिसतं, नंबरही पुष्कळदा तोच राहतो, पण आतला जीव बदललेला असतो. मी २०२२ साली फायबर घेतलं तेव्हा हे मला कुणी सांगितलं नाही आणि खरं सांगायचं तर मीही विचारलं नाही.

ओएनटीला लागून असतो तो राउटर. पुष्कळ घरांत दोन्ही एकाच डबीत असतात. हा राउटर म्हणजे काय, हे बँकवाल्याला समजायला अवघड नाही. तो म्हणजे शाखेतला आवक-जावकचा कारकून. आमच्या शाखेला बाहेरच्या जगासाठी पत्ता एकच, पण आत टेबलं दहा-बारा. कर्ज विभागाचं पत्र असो की ठेवींचं, ते जावक टेबलावरूनच जाई. कारकून त्यावर जावक क्रमांक टाकी आणि रजिस्टरात लिहून ठेवी, की हा क्रमांक अमक्या टेबलाचा. मुख्य कार्यालयाचं उत्तर त्या क्रमांकाचा संदर्भ देऊन आलं, की रजिस्टर पाहून ते बरोबर त्या टेबलावर पोचे. घरातले मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप ही टेबलं. त्यांनी बाहेर धाडलेल्या प्रत्येक मागणीवर राउटर असाच क्रमांक टाकतो आणि आलेलं उत्तर ज्याचं त्याला देतो. या पद्धतीला 'नॅट' म्हणतात आणि त्या क्रमांकाला 'पोर्ट'.

आता हे पत्ते. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला आयपी ॲड्रेस नावाचा आकड्यांचा पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचे, चार आकड्यांच्या गटांचे पत्ते साऱ्या जगात मिळून सुमारे ४२९ कोटीच होऊ शकतात. माणसंच आठशे कोटींच्या वर आणि एकेका घरात चार-चार यंत्रं! म्हणून घरातल्या घरात वापरायचे पत्ते वेगळे काढून ठेवले आहेत. १९२.१६८ पासून सुरू होणारा पत्ता तुमच्या घरात आहे, माझ्या घरात आहे आणि पैठणच्या माझ्या मेहुण्याच्या घरातही आहे. खोली नंबर दोन प्रत्येक लॉजमध्ये असते, त्यातलाच प्रकार. बाहेर जाताना राउटर आपला एकच सार्वजनिक पत्ता लावतो. तेही पुरेना, म्हणून काही कंपन्या अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. आयपीव्ही-६ नावाची नवी, कितीतरी लांब पत्त्यांची पद्धत याच टंचाईसाठी आली.

घरातले हे पत्ते वाटतो कोण? पुन्हा राउटरच. बँकेत पैसे काढायला गेलं की पूर्वी पितळी टोकन मिळे. काम झालं की ते परत आणि मग दुसऱ्याच्या हातात. पाहुण्याचा मोबाइल तुमच्या वाय-फायवर आला की राउटर त्याला असंच मुदतीचं टोकन देतो. याला 'डीएचसीपी' म्हणतात. नावावरून पत्ता शोधून देणारी जी व्यवस्था आहे, ती 'डीएनएस'. शाखेचं नाव माहीत असलं तरी क्रमांकासाठी आम्ही यादीचं पुस्तक उघडत असू, तसंच ते. वाय-फायची खूण दिसते, पण एकही पान उघडत नाही, अशा वेळी पुष्कळदा कनेक्शन जिवंत असतं आणि रुसलेलं असतं ते फक्त यादीचं पुस्तक.

ही झाली घरातली व्यवस्था. आता आवाजाकडे वळू, कारण आमच्या घरी खरा जीव अडकलेला असतो तो आवाजात. लेक न्यू जर्सीला असते. रविवारी सकाळी आमच्याकडे चहा होतो, तेव्हा तिच्याकडे शनिवारची रात्र असते. गेली दोन वर्षं तिचा आवाज मध्येच तुटे, यंत्रातून आल्यासारखा होई. "बाबा, तुम्ही ऐकताय ना?" हेच वाक्य तेवढं नेमकं स्पष्ट ऐकू येई! फोनवर तक्रार केली तर सल्ला मिळाला, प्लॅन वाढवा. शंभर मेगाबिटचा दोनशे केला. बिल वाढलं, आवाज तसाच.

जुना ट्रंक कॉल ज्यांना आठवतो, त्यांना आठवत असेल, की कॉल लागला की जालना ते मुंबई एक वाट तेवढा वेळ आपल्या एकट्याची असे. आपण गप्प बसलो तरी ती अडवलेलीच आणि पैसेही चालूच. इंटरनेटवर अशी वाट कुणाचीच नसते. आवाजाचे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकडा पाकिटात घालून, पत्ता लिहून, सार्वजनिक रस्त्यावर सोडतात. या पाकिटाला पॅकेटच म्हणतात. आवाजाचे आकडे करणारी रीत म्हणजे 'कोडेक'. टेलिफोनच्या जुन्या, प्रचलित कोडेकमध्ये आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजला जातो आणि साधारणपणे दर २० मिलिसेकंदांचं एक पाकीट होतं. म्हणजे तुम्ही "काय म्हणतेस?" म्हणेपर्यंत पन्नासएक पाकिटं दाराबाहेर पडलेली असतात.

पाकीट धाडण्याचे दोन प्रकार. एक पूर्वीच्या पोचपावतीच्या रजिस्टर्ड पत्रासारखा. पोचलं नाही तर पुन्हा धाडायचं. त्याला 'टीसीपी' म्हणतात. बँकेचे व्यवहार, चिठ्ठ्याचपाट्या या वाटेनं जातात, कारण तिथं एक आकडाही गळून चालत नाही. दुसरा साध्या पोस्टकार्डाचा, म्हणजे 'यूडीपी'. टाकलं पेटीत, पोचेल तर पोचेल. बोलणं बहुतेक या दुसऱ्या वाटेनं जातं. मला आधी हे उलटं वाटलं. लेकीचा आवाज आणि साध्या पोस्टकार्डावर? मग उमगलं. गळलेला शब्द पुन्हा मागवून तीन सेकंदांनी आला तर त्याचा उपयोग काय? बोलण्यात उशिरा आलेला शब्द हा न आलेलाच शब्द.

उशीर म्हणजे 'लेटन्सी'. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. इथून न्यू जर्सी सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर धरलं, तरी एका बाजूनं साठ-पासष्ट मिलिसेकंद लागणारच. समुद्रातली केबल सरळ रेषेत जात नाही, म्हणजे त्याहून जास्त. एका बाजूचा उशीर दीडशे मिलिसेकंदांच्या आत असावा, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचा संकेत आहे. त्यापुढं माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. दुसरं दुखणं 'जिटर'. पाकिटं निघतात सारख्या अंतरानं, पण पोचतात लग्नातल्या पाहुण्यांसारखी. दोन आले, मग कुणीच नाही, मग एकदम पाच. यावर उपाय पंगतीचा. यजमान थोडं थांबतो, पानं भरू देतो आणि मग वाढायला घेतो. पलीकडचं यंत्रही पाकिटं क्षणभर अडवून, ओळीत लावून मग ऐकवतं. त्याला 'जिटर बफर' म्हणतात. फारच उशिरा आलेलं पाकीट मात्र पंगतीत बसवत नाहीत. तिथंच आवाज तुटतो.

आणि आता माझ्या वाढीव बिलाची गोष्ट. वर सांगितलेल्या कोडेकला, पाकिटावरच्या पत्त्यांचा भार धरूनही, सेकंदाला शंभर किलोबिटसुद्धा लागत नाहीत. शंभर मेगाबिट म्हणजे त्याच्या हजारपट! नुसत्या आवाजासाठी रस्ता रुंद करण्याची गरजच नव्हती. अडचण माझ्याच घरात, राउटर आणि माजघर यांच्यामधल्या दोन फुटी भिंतीत होती. वाय-फायच्या दोन लहरी असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ. पाचची लहर वेगवान, पण भिंतीपुढं लवकर थकते. २.४ ची सावकाश, पण भिंत बरी ओलांडते. माझा फोन पाचवर अडून बसला होता आणि पाकिटं भिंतीत गळत होती. राउटर माजघराच्या दारावर, उंचावर आणवला आणि दिवाळीनंतर प्लॅन पुन्हा शंभरवर आणला. आता लेक मध्येच थांबली, तर ती खरोखरच विचारात पडलेली असते.

ज्यांची लाइन मुळात बारीक आहे, त्यांच्यासाठी वहीत आणखी एक शब्द आहे, 'क्यूओएस'. बँकेत ज्येष्ठ नागरिकांची वेगळी रांग असते, तशी राउटरमध्ये आवाजाच्या पाकिटांना पुढं काढण्याची सोय पुष्कळदा असते. घरात कुणी सिनेमा उतरवून घेत असलं, तरी फोन त्यामागं ताटकळत नाही.

उरला त्या मुलानं उच्चारलेला शब्द, 'एसआयपी'. आमच्या बँकेच्या भाषेत हा शब्द दरमहा म्युच्युअल फंडात घालायच्या पैशांसाठी, त्यामुळे त्या दिवशी माझा आणखी गोंधळ उडाला होता! इथं एसआयपी म्हणजे कॉल जुळवून देणारी आणि तोडणारी पद्धत. घरचा फोन ठराविक वेळानं कंपनीच्या यंत्राकडे हजेरी लावतो, की मी अमुक नंबर, अमुक पत्त्यावर हजर आहे. हजेरी असेल तरच येणारा कॉल आपल्याकडे वळतो. प्रत्यक्ष आवाज मात्र वेगळ्या पाकिटांतून येतो. कधी असं होतं, की आपलं त्यांना ऐकू जातं, त्यांचं आपल्याला येत नाही. पुष्कळदा त्याचं कारण आपला आवक-जावकचा कारकून असतो. आलेल्या पाकिटावर ओळखीचा जावक क्रमांक नाही, म्हणून तो ते दारातूनच परत लावतो. कारकुनाचं चुकलं असं तरी कसं म्हणावं? अनोळखी कागद आत घेऊ नये, हाच तर त्याचा धर्म.

हे सारं आपल्याकडे फार जुनं नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, पण त्यावरून टेलिफोनसारखं बोलायला परवानगी नव्हती. ती १ एप्रिल २००२ पासून मिळाली, तीही अर्धीच. संगणकावरून संगणकाशी किंवा परदेशातल्या फोनशी बोला, देशातल्या फोनशी नाही. ती वाट २०१८ साली मोकळी झाली. दरम्यान २००३ साली आलेल्या स्काइपवर आम्ही लेकीचं पहिलं घर पाहिलं. मे २०२५ मध्ये ते स्काइपही बंद झालं. आता सारं व्हॉट्सॲपवर. पण एक ध्यानात ठेवावं, की व्हॉट्सॲपवरून १०८ किंवा ११२ लागत नाही. अडीअडचणीला खरा फोनच हवा.

कुलूपकिल्लीचंही सांगून टाकतो. शाखेची तिजोरी कधी एका किल्लीनं उघडत नसे. दोन किल्ल्या, दोन माणसं. राउटरलाही दोन पासवर्ड असतात. एक वाय-फायचा, जो आपण पाहुण्यांना देतो. दुसरा खुद्द राउटरच्या कारभाराचा, जो बहुतेक घरांत कुणाला माहीतच नसतो, कारण कारखान्यातून आला तसाच तो राहिलेला असतो. तो पहिल्याच दिवशी बदलून एखाद्या वहीत लिहून ठेवावा. आम्ही टीटीनं, म्हणजे तारेनं पैसे पाठवत असू, तेव्हा खरेपणा पडताळायला गुप्त आकडा घालत असू आणि त्याचं पुस्तक तिजोरीत असे. त्या पुस्तकाची नक्कल दारावर चिकटवून ठेवली असती, तर बँकेचं काय झालं असतं?

त्या जूनच्या रात्रीनंतर मी तीन गोष्टी केल्या. राउटर आणि ओएनटी यांच्यासाठी छोटा बॅटरीचा डबा, म्हणजे मिनी यूपीएस, आणला. त्यावरचे व्होल्ट आणि अँपिअर आपल्या डबीच्या आकड्यांशी जुळवूनच घ्यावेत. वीज गेली तरी आता माझा राउटर काही तास जागा राहतो. अर्थात रस्त्यावरच्या खांबावर वीज लागणारी पेटी असेल आणि तीच झोपली, तर माझ्या डब्याचा इलाज नाही. म्हणून दुसरी गोष्ट, गच्चीवर कोणत्या कोपऱ्यात मोबाइल लागतो ते पाहून तिथं भिंतीवर खूण केली. आणि तिसरी, शेजाऱ्याचा, डॉक्टरांचा नंबर आणि १०८ मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून सौ.च्या उशाशी लावला.

परवा गल्लीतल्या एक मावशी आल्या. पंचाहत्तरीच्या, एकट्याच राहतात, मुलगा पुण्याला. त्यानं त्यांच्याकडे फायबर बसवून दिलं आहे. "वीज गेली की फोन बंद पडतो, बिघडलाय का हो?" त्यांनी विचारलं. मी वही काढली आणि सांगायला लागलो. तांब्याची तार, काचेची तार, ओएनटी... पाच मिनिटं बोललो आणि शेवटी सवयीनं तोंडातून निघून गेलं, "समजलं ना?"

मावशींनी मान डोलावली.

ती मान मी ओळखली. १९८६ साली लिंबाखाली जाऊन बसली होती, तीच ती. वही मिटली, चपला घातल्या आणि म्हणालो, "चला मावशी, तुमच्या घरी जाऊ. तुम्हीच मला दाखवा, कोणती तार कुठं जाते."

त्यांच्या घरी गेलो. मेन स्विच बंद केला. राउटरवरचे दिवे विझले. मावशींनी रिसीव्हर कानाला लावला, मग त्या डबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे आता हा फोन विजेवरचा झाला होय!" त्या म्हणाल्या. अर्ध्या तासात दुकानातून बॅटरीचा डबा आणून जोडला आणि मेन स्विच पुन्हा बंद केला. फोनमध्ये डायल टोन घुमत होता.

मावशी तो बराच वेळ ऐकत राहिल्या.